बाबा, काळी डिस्क पुसू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

लॅपटॉप गेला, पण आतलं काही गेलेलं नाही. कौलातून गळलेलं पाणी मदरबोर्डात शिरलं, तो बोर्ड संपला. हार्ड डिस्क मात्र कोरडी राहिली. इथल्या दुरुस्तीवाल्याने ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवून दिली. माझ्या लॅपटॉपला जोडल्यावर तुमचे सगळे फोल्डर समोर आले. मशिन दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एवढ्या जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही. दादाने बेळगावहून नवा आणून दिला ते बरंच केलं.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की बॅकअपची काळी डिस्क पुसून तीच नव्या लॅपटॉपला वापरू का. नको. निदान या वर्षी तरी नको. आपण बियाण्याचं भात नवं पीक घरात येईपर्यंत मोडत नाही, तसंच हिचं. नव्या डिस्कवर सगळं उतरलंय, उघडतंय, वाचता येतंय हे तुम्ही स्वतः बघेपर्यंत काळीला हात लावायचा नाही. नव्या लॅपटॉपला ती जोडल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं कधी विचारलं, तर 'नाही' म्हणा, वायर काढा आणि मला फोन करा.

हे एवढं ठासून सांगतेय, कारण दोन्ही डिस्क मी शेजारी लावून बघितल्या. काळीवर विंडोजच्या फाईल हिस्टरीने घेतलेला बॅकअप आहे. ती सोय आपण होऊन फक्त ठरावीक जागा उचलते: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे. तुमची सवय महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायची. त्यामुळे शेताचे कागद आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो काळीवर नाहीत, ते फक्त लॅपटॉपमधल्या डिस्कवर आहेत. उलट काळीवर जे आहे ते लॅपटॉपवर नाही. तुमच्या गावाच्या माहितीची फाईल तिथे कितीतरी वेळा आहे, प्रत्येकीच्या नावापुढे तारीख आणि वेळ. (ती वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागची असते, म्हणून तुम्ही पहाटे साडेपाचला लिहिलेलं तिथे मध्यरात्री बाराचं दिसतं. गोंधळू नका.) एका जुन्या प्रतीत नंदगडच्या बाजारपेठेवरचा मजकूर आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली तिथे फाशी दिली तो भाग आहे. त्याच्यापुढे गावच्या तळ्यावर अख्खं पान आहे, कोणत्या वर्षी कोणी गाळ काढला त्याच्या नावांसकट. शेवटच्या प्रतीत ते पान नाही. तुम्ही लांबी कमी करायला काढलं असणार. बाबा, ते पान पुन्हा घाला. तशी माहिती सांगणारी माणसं आता गावात राहिलेली नाहीत.

फाईल मिळाली म्हणजे वाचता आलीच असं नाही, हे मला या कामात नीट कळलं. तुमचं २०१० च्या आधीचं सगळं लेखन जुन्या फॉन्टमधलं आहे. तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी मराठीच दिसेल अशी पद्धत, आपल्याकडे फारसं कोणी वापरत नव्हतं. श्रीलिपी, शिवाजी, किरण, ज्याच्याकडे जो असेल तो. त्या फाईलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, म्हणून तुमची अख्खी स्मरणिका कंस, टिंबं आणि स्वल्पविरामांचा ढीग दिसते. तुम्ही ती उघडली असतीत तर फाईल खराब झाली म्हणून काढून टाकली असतीत, याचीच मला भीती होती. मी जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधून ते फॉन्ट शोधून काढले, माझ्याकडे बसवले आणि पान जसंच्या तसं उभं राहिलं, तुमच्या त्या दुहेरी चौकटीसकट.

त्या सगळ्या फाईलींची पीडीएफ करून ठेवली आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे कुठेही वाचता येईल. फॉन्टही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. युनिकोडमध्येही बदलून बघितलं. बहुतेक मजकूर नीट येतो, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि जोडाक्षरं तुटतात. ते वाचून दुरुस्त करायचं काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. रोज दोन पानं केलीत तरी पुष्कळ. मूळ फाईल मात्र तशीच राहू द्या.

आई, आता तुझं. तुझ्या जुन्या नोकियातली रेकॉर्डिंगं सापडली. एएमआर नावाचा प्रकार आहे, नव्या लॅपटॉपवर दोनदा क्लिक करून ती वाजत नाहीत. व्हीएलसी नावाच्या मोफत प्लेअरमध्ये वाजतात. बहुतेक भजनी मंडळाची आहेत, टाळांच्या आवाजात शब्द बुडालेत. पण एकात आजी बोलतेय. तू तिला सांडग्यांचं प्रमाण विचारतेस आणि ती म्हणते, 'मापाचं काय विचारतीस, हाताला लागतंय की.' मागे भिंतीवरच्या घड्याळाचे टोले पडतात. मी ते इतक्यांदा ऐकलं की आता टोले कधी पडणार तेही पाठ झालंय. आजीचा आवाज आपल्याकडे दुसरीकडे कुठेच नाही गं. त्याची एमपीथ्री करून तुझ्या फोनवर पाठवते, आणि मूळ फाईलही तीन ठिकाणी ठेवते.

बाबा, काय ठेवायचं आणि काय काढायचं यावर तुमचं-माझं दुमत होईल, म्हणून माझा हिशेब सांगते. जे पुन्हा मिळू शकतं ते गेलं तरी चालेल. शेताचा आजचा उतारा ऑनलाइन निघतो, नाडकचेरीतही मिळतो. त्याच्या पाच-पाच स्कॅन कॉप्या नकोत. पण १९५६ च्या आधीचे, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाचे आजोबांच्या नावचे मराठी कागद आणि त्याहून जुने मोडीतले, त्यांचे स्कॅन एकदम पहिल्या रांगेत. मूळ कागद कसर लागून विरत चाललेत हे तुम्हीच दाखवलं होतंत. व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो, जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर, सीडीवरून उतरवलेले सिनेमे मी यादीत वेगळे केलेत. पुसलेलं काहीच नाही. यादी बघा, हो म्हणा, मगच काढू. दादाच्या लग्नाच्या डीव्हीडीवर पांढरी बुरशी धरलीय. ती अजून चालतेय तोवर उतरवून घेतली.

आता प्रती कुठे ठेवायच्या ते. एक नव्या लॅपटॉपवर, एक नव्या निळ्या डिस्कवर तुमच्याकडे, आणि एक इथे पुण्यात माझ्याकडे. तिसरी लांब असलीच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही बघितलंय. मलप्रभा, घटप्रभा फुगल्या की घरातलं सामान माळ्यावर टाकायलाही वेळ मिळत नाही. एकाच कपाटातल्या दोन डिस्क म्हणजे एकच प्रत समजा.

निळी डिस्क दर रविवारी जोडा, बॅकअप झाला की काढून ठेवा. सतत लावून ठेवू नका. वळवात वीज कडाडते, लाईट जाते-येते, तेव्हा लॅपटॉपबरोबर तीही जाईल. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. खानापूरच्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे डिस्कचं काय. नव्या लॅपटॉपवर फाईल हिस्टरीत मी डी ड्राइव्हचे फोल्डरही घालून देईन, म्हणजे तुमची सवय बदलायला नको.

वनड्राइव्हवर फोटो गेले की झालं, असं दादा म्हणतो. ते पुरेसं नाही. मोफत जागा पाचच जीबी, आणि इकडे फोल्डरमधून फोटो काढला की तिकडूनही जातो. कचराकुंडीत महिनाभर राहतो, मग कायमचा गेला. असू दे, पण भिस्त त्याच्यावर नको.

आणखी एक, हे आजच करा. नव्या लॅपटॉपची डिस्क बहुतेक कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असणार. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की बऱ्याच मशिनवर ते आपोआप होतं. जुनी डिस्क काढून दुसरीकडे लावली तसं याचं करता येणार नाही, ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागेल. दादाने त्याच्या फोनवरच्या ईमेलने खातं उघडलंय, तिथे ती सापडेल. कागदावर लिहून घराच्या पावत्यांच्या फाईलमध्ये लावा. आई, आकडे तू वाच आणि बाबांना लिहू दे, मग उलट पडताळा.

डिस्क दादाबरोबर परत पाठवतेय. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय. आल्या की आधी निळी जोडून 'तळं' नावाचा फोल्डर उघडा, त्यात तुमचं ते काढलेलं पान ठेवलंय. आई, कौलं शाकारणाऱ्याला या पावसातच सांगून ठेव, पैसे मी पाठवते.

तुमची,
धाकटी