इशारा पातळीलाच आमची यादी हलू द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

महोदय,
सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गावातल्या मराठी शाळेच्या वरच्या मजल्यावर एक आजी चार दिवस वाकळेवर पडून होत्या. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. पाणी उंबऱ्याला लागल्यावर लेकानं त्यांना पाठुंगळी मारून आणलं होतं. तिसऱ्या दिवशी बोट आली. जिन्याच्या कठड्यावरून ज्यांना बोटीत उतरता आलं ते गेले. आजींना उतरवायचं कसं, हे कुणालाच कळेना. बाजेसकट न्यावं तर बाज बोटीत मावत नाही, उचलून द्यावं तर बोट हलते आणि खालचा माणूस घाबरतो. "दुसऱ्या फेरीला नेऊ," म्हणाले. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. छावणीत मी त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा कमरेखालची कातडी वाकळेला चिकटून आली.

आजी महिन्याभरानं गेल्या. पुरात बुडाल्या नाहीत, म्हणून पूरबळींत त्यांचं नाव नाही. पंचनाम्यात घराची पडकी भिंत आहे, दोन शेरडं आहेत.

मी शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत आधी आरोग्यसेविका आणि मग आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत ड्यूटीवर होते. आता निवृत्त आहे, म्हणून हे उघडपणे लिहिते. त्या आजी कुठल्या गल्लीत, कितव्या घरात, कुठल्या खोलीत झोपतात, हे मला पूर यायच्या आधीपासून माहीत होतं. महिन्यातून दोनदा मी त्यांचं बीपी बघायला जात होते. त्यांना कधी हलवायचं, हे मात्र मला कुणी विचारलं नाही.

या पत्रातली माझी मागणी एकच आहे. गावातली लोकं धोका पातळीला हलवा, पण आरोग्यसेविकेच्या यादीतली माणसं इशारा पातळीलाच हलवा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरगंही सांगेल. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर आम्ही आधी तोच आकडा बघतो. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. ३९ ते ४३ या चार फुटांत जो वेळ मिळतो, तो चालत्या माणसाला पुरतो. ट्रॅक्टर येतो, माणसं ट्रॉलीत बसतात, जनावरं सोडतात, निघतात. पण नऊ महिने भरलेल्या बाईला, चार दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला, ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या म्हाताऱ्याला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्याला तो वेळ पुरत नाही. त्यांना ट्रॉली चालत नाही, कोरडा रस्ता आणि गाडी लागते. आणि रस्ता कोरडा असतो तो ३९ फुटांवर.

शिरोळची गोष्ट आणखी वेगळी आहे, हे आपणांस कार्यालयातून सांगितलं गेलं असेलच. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चारही नद्यांचं पाणी आमच्याकडे येतं. कोल्हापूर शहरात पाणी उतरायला लागल्याची बातमी येते तेव्हा नृसिंहवाडी, कुरुंदवाडकडं ते अजून चढत असतं, आणि एकदा चढलं की लवकर हलत नाही. त्यामुळं आमच्या गावांसाठी राजाराम बंधाऱ्याचा आकडा धरून चालणार नाही. कृष्णेच्या पातळीवरून प्रत्येक गावाची स्वतःची रेषा ठरवावी लागेल. ते काम पाटबंधारे खात्याचं. पण त्या रेषेवर कोण हलणार, हे आमच्या वहीत लिहिलेलं आहे.

ही वही म्हणजे काय ते सांगते. गरोदर मातांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येकीची संभाव्य प्रसूतीची तारीख असते. लसीकरणाच्या नोंदीवरून महिन्याच्या आतली बाळं किती ते कळतं. बीपी-शुगरची वेगळी नोंद, टीबीच्या औषधावर असलेल्यांची वेगळी, फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांची वेगळी. सपाट प्रदेशात एका उपकेंद्राकडं साधारण ५,००० लोकसंख्या धरतात. त्यातून अशी माणसं काढली तर यादी होते दोन पानांची. २०१९ च्या अनुभवानंतर मी ती दरवर्षी मे महिन्यात काढून ठेवायची आणि युरियाच्या पोत्यातल्या आतल्या पिशवीत गुंडाळून पर्समध्ये बाळगायची. आशाताई घरोघर जाऊन ती पुन्हा तपासायच्या, कारण मेमध्ये सातवा महिना असलेली जुलैत दिवस भरलेली असते आणि पहिलटकरीण असली तर माहेरी तरी गेलेली असते.

ही दोन पानं तालुक्याच्या बैठकीत टेबलावर कधी आली नाहीत. बैठकीत बोटी किती, लाइफ जॅकेट किती, निवारा कुठल्या शाळेत, धान्य किती दिवसांचं, यावर बोलणं व्हायचं. ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. आरोग्य विभागानं "औषधसाठा पुरेसा आहे" एवढं सांगितलं की पुढचा विषय. २०२१ ला मी यादी घेऊन बोटीजवळ उभी राहिले तर एक अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही बाजूला थांबा, आधी माणसं काढू." मी ज्यांची नावं वाचत होते तीही माणसंच होती.

त्याच दिवशी एक पोर वाचली, तीही गावच्या अकलेनं. दिवस भरलेली, पाणमोट फुटलेली. बोट पलीकडच्या वस्तीला गेलेली. गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, आणली, तिच्यात वाकळा टाकल्या, बाईला आणि मला बसवलं आणि पोहणाऱ्या चार पोरांनी कडा धरून काहील ढकलत उंचावरच्या रस्त्याला लावली. एका हातानं मी तिचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातात प्रसूतीचं किट. पलीकडं गाडी उभी होती म्हणून निभावलं, मुलगी झाली. गावात अजून कौतुकानं सांगतात. मला मात्र ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो, कारण तिची तारीख माझ्या वहीत तीन महिने आधीपासून लिहिलेली होती. ती आदल्या दिवशीच कोरड्या रस्त्यानं तालुक्याला गेली असती.

वेळेत हलवलं की आणखी एक गोष्ट साधते. माणूस औषधासकट हलतो. इन्शुलिनची बाटली आमच्याकडं कितीतरी घरांत फ्रिज नाही म्हणून मडक्यात ठेवतात. दिवसाउजेडी, शांतपणे निघाला तर तो बाटली, सुई, जुनी चिठ्ठी सगळं घेऊन येतो. रात्री छातीएवढ्या पाण्यातून निघाला तर नेसत्या कपड्यानिशी येतो, आणि मग छावणीत आम्ही विचारत बसतो, "काका, गोळी कसली होती?" तर उत्तर येतं, "बारकी पांढरी." २०१९ ला छावण्यांत मदतीचा ढीग आला. लोकांचं मन मोठं, त्याबद्दल कृतज्ञच आहे. पण खोकल्याच्या औषधांची खोकी फुटेपर्यंत भरलेली आणि बीपीची गोळी मिळेना, अशी आमच्या छावणीची अवस्था होती.

पाणी उतरल्यावरही हीच वही लागते. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा, ताप बहुतेक वेळा पाण्याचिखलातून चालल्यावर एक-दोन आठवड्यांनी येतो. तोवर छावणी उठलेली असते, बाहेरून आलेली पथकं परत गेलेली असतात आणि माणसं घरातला गाळ उपसत असतात, बहुतेक अनवाणी. तेव्हा तो ताप टाळायची डॉक्सिसायक्लिन ही गोळी वाटताना ती गरोदर बाईला आणि लहान लेकराला देऊन चालत नाही. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, हे बाहेरच्या पथकाला कसं कळणार? काही बायकांनी तर दुसरा महिना सासूलाही सांगितलेला नसतो, पण आशाताईला सांगितलेला असतो.

आता नेमकं काय करावं, तेही लिहिते. जिल्हा आराखड्याची दरवर्षी उजळणी करायची, असं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाच सांगतो, आणि प्राधिकरणावर जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारीही असतात. यंदाच्या उजळणीत पूररेषेतल्या प्रत्येक गावाच्या पानाला आरोग्यसेविकेची यादी जोडा. नावं जाहीर होऊ नयेत, ती तिच्याकडं, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं आणि तहसीलदारांकडं राहावीत. इशारा पातळी आली की तिनं फोन करायचा आणि गाडी यायची. परवानगी मागत बसायची वेळ तिच्यावर येऊ नये. गावात बोट लागली तर पहिली फेरी कुणाची, हा शब्द तिचा असावा, आणि तो बोट चालवणाऱ्याला लेखी दिलेला असावा.

पावसाळ्याआधी रंगीत तालीम होते. त्यात धडधाकट तरुण लाइफ जॅकेट घालून बोटीत उड्या मारतात, फोटो निघतात. या वेळी एका जड माणसाला आडवं झोपवून जिन्यावरून बोटीत उतरवून बघा. आम्ही शेवटी जे शिकलो ते असं: वाकळेच्या दोन्ही कडा दोन बांबूंना गुंडाळायच्या, चौघांनी धरायचं, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं आणि आधी बोटीत दोन माणसं गुडघ्यावर बसलेली हवीत. एका दुपारचं काम आहे. आजींच्या वेळी ते आम्हांला येत नव्हतं.

आणि आशाताईंना लाइफ जॅकेट द्या. २०२१ ला आमच्या एका आशाताईचं स्वतःचं घर पत्र्यापर्यंत पाण्यात होतं आणि ती कमरेएवढ्या पाण्यातून दुसऱ्याच्या घरी गोळ्या पोहोचवत होती, पाठीला पोराचं दप्तर बांधून. तिला पगार नाही, मानधन आहे. पोहता तर येतच नाही.

माझ्या यादीचा नमुना दोन कागदांचा आहे: नाव, घराची खूण, आजार, चालू औषध, चालता येतं की नाही, घरात उचलणारं माणूस कोण, आणि नातेवाईक कुठल्या उंचावरच्या गावात. मे महिन्यातल्या बैठकीची तारीख कळवलीत तर मी जयसिंगपूरहून एसटीनं येईन आणि तो नमुना सोबत आणेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर