आई-बाबा, इथे मतं शेजारीच मोजतात

मेक्सिको सिटी, ९ जून २०२४

ती. बाबा आणि आई, शि. सा. न.

मंगळवारी सकाळी तुमचा फोन आला तेव्हा तुमच्याकडे टीव्हीवर लोकसभेची मतमोजणी चालू होती, मागून आकड्यांचा नुसता गलका ऐकू येत होता आणि इथे अजून सोमवारचे रात्रीचे दहा वाजलेले. बाबा, तुम्ही विचारलंत "तुमच्याकडे काय लागला निकाल?" आणि मी "बाई आली निवडून" एवढं म्हणेपर्यंत रेंज गेली. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून आज रविवार बघून सविस्तर लिहायला बसलेय. फॉन्ट मोठा ठेवलाय, दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा, मोबाईलवर डोळे ताणत वाचू नका.

आई, आधी तुझं. तू पाहिलास तो व्हिडिओ खरा आहे, तुझ्यापासून लपवत नाही. गेरेरो राज्यात कोयुका दे बेनितेस म्हणून गाव आहे, तिथल्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला २९ मेला प्रचाराच्या शेवटच्या सभेत गोळ्या घातल्या. या निवडणुकीत असे तीसच्या वर उमेदवार मारले गेले आणि त्यातले बहुतेक सगळे गावपातळीवरचे, कारण टोळीवाल्यांना देशाचा अध्यक्ष कोण होतो यापेक्षा गावचा नगराध्यक्ष कोण होतो याच्याशी मतलब, गावचे पोलीस त्याच्या हाताखाली, ठेके त्याच्या सहीने. मी राहते त्या पोर्तालेस भागात तसं काही झालं नाही, मतदानाच्या दिवशी लोक लहान मुलांना, कुत्र्यांना घेऊन रांगेत उभे होते. पण "इथे काही नाही" म्हणून मला शांत झोप लागते असंही नाही, ती माणसंही कुणाच्या तरी घरातली होती.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुम्ही इतकी वर्षं इलेक्शन ड्युटी केलीत, आदल्या दिवशी एसटीने पेट्या घेऊन जायचात, कुठल्यातरी खेड्यातल्या शाळेत फरशीवर झोपायचात, आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची, परत आलात की दोन दिवस नुसते झोपून असायचात. मला लहानपणी वाटायचं निवडणूक म्हणजे सरकारी मास्तरांनी करायची गोष्ट. इथे तसं नाही. इथे मतदान केंद्र चालवणारी माणसं चिठ्ठ्या काढून निवडतात! मतदारयादीतून जन्ममहिना आणि आडनावाचं पहिलं अक्षर यावरून ड्रॉ होतो, मग आयोगाचा माणूस घरी येतो, ट्रेनिंग देतो आणि त्या एका रविवारी तुमच्या गल्लीतला भाजीवाला, शिक्षिका, कॉलेजचं पोरगं असे लोक टेबलामागे बसतात. बाकी उमेदवारांचे पोलिंग एजंट वगैरे असतातच आपल्यासारखे, पण मुख्य माणसं म्हणजे शेजारीपाजारीच.

यंदा आमच्या घरमालकीणबाईंचा नंबर लागला आणि तोही थेट केंद्राध्यक्ष म्हणून. बाई ५८ वर्षांच्या, शिवणकाम करतात, खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांची ८४ वर्षांची आई. महिनाभर त्यांनी ते मॅन्युअल स्वयंपाकघरात ओट्यावर उघडं ठेवलेलं, मसाल्याचे डाग पडलेले त्याच्यावर, आणि रोज रात्री माझ्याकडून प्रश्न विचारून घ्यायच्या, "मतपत्रिकेवर दोन चिन्हांवर खूण असेल तर?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायच्या, दोन्ही पक्षांची आघाडी असेल तर मत धरायचं, नसेल तर बाद. २ जूनला पहाटे पाचला उठून त्यांनी दालचिनी आणि गूळ घालून काळी कॉफी केली, थर्मास भरला आणि कोपऱ्यावरच्या शाळेत गेल्या. मला मत नाही, आणि परदेशी माणसाने इथल्या राजकारणात पडायचं नाही असं राज्यघटनेच्या ३३व्या कलमातच आहे, त्यामुळे मी आपली डबा पोचवायला म्हणून दुपारी गेले आणि दारातूनच बघितलं.

एका मतदाराला सहा मतपत्रिका होत्या बाबा. राष्ट्राध्यक्ष, सिनेट, खासदार, शहराचं मुख्य पद, शहराची विधानसभा आणि आमच्या भागाचं नगराध्यक्षपद. मशीन नाही, कागद आणि जाड क्रेयॉनसारखी पेन्सिल, चिन्हावर फुली मारायची. शाई लावतात उजव्या हाताच्या अंगठ्याला, आपल्यासारखी तर्जनीला नाही, आणि ती शाई इथल्याच पॉलिटेक्निक संस्थेत तयार झालेली, आपल्या म्हैसूरच्या शाईची जणू बहीणच. संध्याकाळी सहाला रांग बंद झाली की पेट्या कुठल्याही स्ट्राँगरूममध्ये जात नाहीत, तिथेच, त्याच वर्गात, त्याच शेजाऱ्यांनी जमिनीवर मतपत्रिका पसरून मोजायच्या आणि झाल्यावर एका भल्यामोठ्या कागदावर आकडे लिहून तो कागद दारावर चिकटवायचा. लोक त्या कागदाला 'साबाना' म्हणतात, म्हणजे चादर. मी रात्री अकराला परत गेले तर पंधरा-वीस माणसं मोबाईलच्या टॉर्चमध्ये ती चादर वाचत होती, फोटो काढत होती. मग सील केलेलं पाकीट बाईंनी स्वतः जिल्हा कार्यालयात नेऊन दिलं, घरी आल्या तेव्हा दीड वाजून गेलेला, चपला हातात, पाय सुजलेले. मला तुम्हीच आठवलात बाबा.

त्या इतकं मनावर का घेतात हे मला त्याच रात्री कळलं. त्यांना झोप येत नव्हती, आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि त्या १९८८ बद्दल बोलायला लागल्या.

इथे एकच पक्ष, 'प्री', १९२९ पासून २००० पर्यंत सलग सत्तेत होता, ७१ वर्षं, मधे नाव दोनदा बदललं एवढंच. क्रांतीतून निघालेला पक्ष, शेतकऱ्यांना जमिनी वाटलेल्या, पक्षाचे रंग झेंड्याचेच. (मी निघताना तुम्ही म्हणालेलात ना, आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गेले त्या देशात चाललीस म्हणून, तर खानखोजे चापिंगोच्या शेतकी शाळेत मक्यावर काम करत होते तो हाच सुरुवातीचा काळ.) निवडणुका दर सहा वर्षांनी नेमाने व्हायच्या, एक माणूस दुसऱ्यांदा अध्यक्ष होऊ शकत नाही हा नियमही कडक पाळायचे, पण पुढचा कोण हे आधीचा अध्यक्ष ठरवायचा. त्याला 'देदासो' म्हणतात, म्हणजे बोट दाखवणं, ज्याच्याकडे बोट तो पुढचा अध्यक्ष. सभांना ट्रक भरभरून माणसं आणायची, हातात सँडविच द्यायचं, हे तर आपल्याकडेही लोकांना पाठ आहे.

१९८८ ला पहिल्यांदा खरी टक्कर झाली. 'प्री'तूनच बाहेर पडलेले क्वाउतेमोक कार्देनास उभे राहिले, ज्या अध्यक्षांनी १९३८ साली तेल कंपन्या राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या त्या लासारो कार्देनास यांचा मुलगा. बाई तेव्हा २२ वर्षांच्या, पहिलंच अध्यक्षपदाचं मत. रात्री आकडे यायचे थांबले. "सिस्टिम पडली" हे इथल्या स्पॅनिश बोलण्यात म्हणीसारखंच झालंय त्या रात्रीपासून. निवडणूक तेव्हा गृहखात्याच्याच हातात, गृहमंत्री मानुएल बार्तलेत. शेवटी 'प्री'चे कार्लोस सालिनास विजयी जाहीर झाले आणि नंतर संसदेने ठराव करून त्या मतपत्रिका जाळून टाकल्या, त्यामुळे खरं काय ते आता कुणीच मोजू शकत नाही. बाई सांगत होत्या, त्यांचे वडील रेडिओपाशी रात्रभर बसलेले आणि सकाळी नुसतं एवढंच म्हणाले, आपलं मत कुठे गेलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "काल मी स्वतः मोजलं. एकेक कागद या हातांनी मोजला."

१९९० ला वेगळी निवडणूक संस्था आली, फोटोचं मतदार ओळखपत्र आलं, जे आता आपल्या आधारसारखं सगळीकडे लागतं, लोक त्या कार्डाला नुसतं 'इने' म्हणतात, आयोगाच्या नावावरून. आणि २००० साली 'पान' पक्षाचे विसेंते फॉक्स निवडून आले आणि 'प्री'ची सत्ता गोळी न झाडता गेली. मला हे फार मोठं वाटतं.

आता निकालाचं. क्लाउदिया शेनबाम जवळजवळ ६० टक्के मतं घेऊन आल्या, दुसऱ्या नंबरच्या सोचितल गाल्वेस यांना २७ च्या आसपास. म्हणजे पहिल्या दोन्ही नंबरवर बायकाच! ज्या देशात बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९५३ ला मिळाला तिथे. शेनबाम शास्त्रज्ञ आहेत, भौतिकशास्त्र शिकलेल्या, मेक्सिको सिटीचा कारभार केलेला. त्या रात्री त्या म्हणाल्या, "मी एकटी आलेली नाही, आपण सगळ्याजणी आलोय" आणि बाईंच्या आईने टीव्हीसमोर डोळ्याला पदर, म्हणजे शाल लावली. आई, तुला मामीचं आठवतं ना, महिला राखीव सीटवर सरपंच केलं आणि सह्या सोडून सगळा कारभार मामा बघायचा. इथेही तसंच होतं. २००९ मध्ये निवडून आलेल्या काही बायका खासदारांनी लगेच रजा घेऊन जागा पर्यायी उमेदवार असलेल्या पुरुषांना सोडली, काही ठिकाणी तर नवऱ्यालाच. लोक त्यांना 'हुआनिता' म्हणायला लागले. मग २०११ मध्ये निवडणूक कोर्टाने सांगितलं की बाई उमेदवार असेल तर तिचा पर्यायी उमेदवारही बाईच हवा. एवढ्या एका नियमाने ती पळवाट बंद झाली. आपल्याकडे सरपंचपतींसाठी असं काही नेमकं व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

विरोधकांची अवस्था वाईट. 'प्री', 'पान' आणि कार्देनास यांनी १९८९ ला काढलेला पेरेदे पक्ष हे आयुष्यभराचे वैरी यंदा एकत्र लढले, तरी हरले, आणि पेरेदेला तर मान्यतेला लागतात ती ३ टक्केही मिळाली नाहीत. आघाड्या आणि पक्षफुटी यातलं तुम्हाला मी काय सांगणार, महाराष्ट्रात दोन-चार वर्षांत सगळं बघून झालंय.

पण लोकांनी 'मोरेना'ला, म्हणजे शेनबाम यांच्या पक्षाला, एवढी मतं का दिली याचं उत्तर मला खालच्या मजल्यावरच मिळतं. बाईंच्या आईला दर दोन महिन्यांनी ६,००० पेसो पेन्शन येते, आपले २७-२८ हजार रुपये, ६५ च्या वरच्या प्रत्येकाला, नोकरी केली असो नसो. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घरी कपडे धुतले. पहिल्यांदा कार्ड हातात आलं तेव्हा त्या एकट्या बँकेत गेल्या, परत येताना स्वतःच्या पैशाने नातवंडांसाठी गोड पाव आणला. आई, जन्मभर तूही राबलीस आणि पेन्शन फक्त बाबांना, म्हणून मला ते फार लागलं. शिवाय २०१८ मध्ये किमान मजुरी दिवसाला ८८ पेसो होती, यंदा २४९ आहे. टीव्हीवरचे तज्ज्ञ याला लोकांना विकत घेणं म्हणतात, मला ते पटत नाही, ज्याच्या घरात पहिल्यांदा काहीतरी आलंय तो ते देणाऱ्याला मत देणारच.

मला काळजी वाटते ती वेगळी. मावळते अध्यक्ष लोपेस ओब्रादोर, तेही मोरेनाचेच, २००६ ला अर्ध्या टक्क्याने हरले होते, तेव्हापासून त्यांचा आयोगावर राग. गेल्या वर्षी आयोगाची माणसं आणि पैसा कमी करणारा कायदा त्यांनी आणला, लाखो लोक गुलाबी कपडे घालून रस्त्यावर आले, सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. आता न्यायाधीशसुद्धा मतदानाने निवडायचे असा त्यांचा प्रस्ताव आहे आणि मोरेना आघाडीचे खालच्या सभागृहात दोन तृतीयांश खासदार होतील असं दिसतंय, सिनेटमध्ये अगदी थोडे कमी. बाजार घाबरला, पेसो घसरला, म्हणून या महिन्यात मी पाठवलेले पैसे थोडे कमी दिसतील, आई विचारशील म्हणून सांगतेय. आणि ते १९८८ चे गृहमंत्री बार्तलेत आज याच सरकारमध्ये वीज कंपनीचे प्रमुख आहेत.

बाई त्या गुलाबी मोर्चाला गेल्या होत्या. आणि मत? त्यांनी स्वतःहून सांगितलं मला. अध्यक्षपदाला शेनबाम, आईच्या पेन्शनसाठी आणि बाई म्हणूनही. खासदार आणि सिनेटला विरोधकांना. "एकाच्या हातात सगळ्या किल्ल्या नकोत, मग तो आपल्याच घरातला का असेना," म्हणाल्या. मला त्या दोन्ही ठिकाणी बरोबर वाटतात.

दारावरच्या चादरीचा फोटो सोबत पाठवलाय, झूम करून बघा, खाली डावीकडे बाईंची सही आहे. त्यांना मी तुमच्या ड्युटीबद्दल सांगितलं तर त्यांचे प्रश्न संपेनात. लाखेचं सील हाताने कसं लावायचे, मतदार आजारी असेल तर काय करायचात, कधी कुणी दमदाटी केली का. मला यातलं काहीच माहीत नव्हतं बाबा, मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. जमेल तसं लिहून पाठवा, हाताने लिहून दादाने फोटो काढला तरी चालेल, मी त्यांना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवते.

आई, बीपीची गोळी रात्रीची चुकवू नकोस.

तुमची
मनू