परवाना एकाचा, बंदूक साऱ्या घरात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक लागली की आमच्या सिंधुदुर्गातले शेतकरी शेतीसंरक्षणाच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. मग ‘आता डुकरांना कोण आवरणार’ अशी पत्रं तुमच्याकडे येतात. ती तक्रार खरी आहे. हातातोंडाशी आलेल्या भाताचा कुणगा रानडुकरं एका रात्रीत लोळवून टाकतात. पण उरलेली सगळी वर्षं ती बंदूक आमच्या घरात असते, तेव्हा आम्ही तिचं काय करतो, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची एकनळी काडतुसाची बंदूक आहे. आता परवाना माझ्या नावावर आहे. विशीत असताना एका सप्टेंबरच्या रात्री मी वडिलांबरोबर राखणीला बसलो होतो. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला खसखस झाली आणि मी बंदूक खांद्याला लावली. वडिलांनी नळीवर हात ठेवून ती खाली दाबली. “आवाजार बार काढू नको, झिला. आधी जनावर डोळ्यांनी बघ, मगे त्याच्या फाटल्यान (मागे) काय आसा ता बघ.” दोनच मिनिटांत तिथून बॅटरीचा उजेड आला. वाडीतली दोन पोरं कुर्ल्या पकडायला आली होती. त्यातला एक आज रिक्षा चालवतो. रस्त्यात भेटला की हात करतो, आणि दर वेळी मला ती नळी आठवते. सावज समजून साथीदारालाच गोळी लागल्याच्या बातम्या कोकणात अधूनमधून येतात. त्याला ‘अपघात’ म्हणायला माझं मन तयार होत नाही. न दिसलेल्यावर बार काढला, तो कोणीतरी काढला ना?

काजूच्या दिवसांत तर ‘चोर दिसला की उडवतो’ अशी भाषा सर्रास ऐकू येते. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा देत नाही. चार किलो बी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घालणं हे संरक्षण नव्हेच.

आता घरातलं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे बंदूक सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची आहे. आमच्याकडे नळी आणि दस्ता वेगळे करून कुलपात असतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत पेटीत, आणि त्या पेटीची चावी आईच्या कमरेला असायची. पण किती घरांत बंदूक अजून माजघरातल्या खुंटीवर लटकते! ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा जीव गेला, तेव्हा ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या त्याचा परवाना मारेकऱ्याच्या नव्हे, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर असल्याचं पोलीस तपासात समोर आलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच रिव्हॉल्वरची गोळी घुसली. कागदावर नाव कोणाचं आहे हे हत्याराला कळत नाही.

माझा एक चुलतभाऊ दोन वर्षं लागोपाठ पीक गेल्यावर गप्प गप्प राहू लागला. जेवणावरून उठायचा, रात्री अंगणात फेऱ्या मारायचा. वहिनी कोणाशी भांडली नाही. तिने त्याला समजावून पोलीस ठाण्यात नेलं आणि बंदूक जमा करायला लावली. “निवडणूक तर नाही, मग आता कशाला?” असं तिथल्या माणसाने विचारलं. तिने ‘घरात नको’ एवढंच सांगितलं. भाऊ आज धडधाकट आहे, नातवाला शाळेत सोडतो. बंदूक त्याने परत आणली नाही. डुकरांसाठी सौरकुंपण घातलं.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. पाच वर्षांत घरातलं काय काय बदलतं! मुलगा दारूला लागतो, भावांत जमिनीचा वाद उभा राहतो, कोणी खचतं. म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे, की नूतनीकरणाच्या वेळी एक पोलीस कर्मचारी घरी पाठवावा. बंदूक आणि काडतुसं कुठे ठेवली आहेत ते त्याने स्वतः पाहावं. आणि परवानाधारक समोर नसताना घरातल्या बाईला विचारावं, की ही बंदूक घरात असताना तुम्हाला झोप लागते का. ती ‘नाही’ म्हणाली, तर ते अहवालात लिहावं आणि तिचं नाव त्यात येऊ देऊ नये. माझ्या घरापासून सुरुवात करायला माझी हरकत नाही.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग