वचन कोणाच्या तोंडचे, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुभेच्छापत्रांवर आणि वादाच्या वेळी वाचकपत्रांतही बायबलमधली सुटी वचने सर्रास येतात. श्रद्धाळू माणूस गोड ओळ उचलतो, टीकाकार कडू. मागचेपुढचे वाचण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

ईयोब ८:७, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचे सातवे वचन घ्या. नवे दुकान असो वा नवी नोकरी, हे वचन शुभेच्छा म्हणून दिले जाते: आरंभ छोटा असला तरी पुढे मोठी भरभराट होईल. हे बोलतो कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद. आणि कोणाला? दहाही मुले एका दिवसात गमावलेल्या, अंगभर फोड आलेल्या ईयोबाला. तीनच वचने आधी, ८:४ मध्ये, हाच बिल्दद त्या बापाला ऐकवतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्याचे फळ दिले. पाचव्या-सहाव्या वचनात अट येते: तू खरोखर निर्दोष असशील आणि देवाची विनवणी करशील, तर. त्यानंतर ती भरभराटीची ओळ. पुढे ४२:७ मध्ये परमेश्वर अलिफज या दुसऱ्या मित्राला स्पष्ट सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग आहे, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. ईयोबाला शेवटी दुप्पट मिळाले हे खरे, पण बिल्ददच्या हिशेबाने नव्हे. त्याने याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर मिळाले (४२:१०). ४२ अध्यायांच्या या पुस्तकात ३ ते ३१ ईयोब आणि त्याचे तीन मित्र बोलतात, ३२ ते ३७ अलीहू नावाचा तरुण, आणि ३८ पासून परमेश्वर. नाटकातल्या एका पात्राचे वाक्य नाटककाराच्या नावावर खपवू नये, तसेच हे.

यिर्मया २९:११ ची गत याहून बरी नाही. ‘तुमच्या हिताचेच संकल्प माझ्या मनात आहेत’ या अर्थाचे ते वचन दहावी-बारावीच्या मुलांना निकालाची हमी असल्यासारखे पाठवले जाते. मुळात ते यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याने, बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि लगेच आधीचे वचन सांगते की सुटकेला सत्तर वर्षे लागतील. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक मोठे लोक तिथेच मरणार होते. म्हणूनच पाच ते सातव्या वचनांत घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, त्या परक्या शहराचे भले चिंता, असे सांगितले आहे. दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगणारा हनन्या आधीच्याच, २८ व्या अध्यायात खोटा संदेष्टा ठरतो. आपण पाठवतो यिर्मयाचे वचन, पण अर्थ लावतो हनन्याचा!

आता टीकाकारांकडे. ‘मी शांतता नव्हे, तर तलवार चालवायला आलो’ (मत्तय १०:३४) हे वाक्य येशू हिंसेचा पुरस्कार करतो याचा पुरावा म्हणून दिले जाते. पुढची दोनच वचने वाचा: मुलगा बापाविरुद्ध, सून सासूविरुद्ध. हे जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातल्या, मीखा ७:६ मधले शब्द आहेत. विषय आहे शिष्यत्व पत्करल्यावर घरात पडणाऱ्या फुटीचा. याच बोलण्याच्या लूक १२:५१ मधल्या रूपात तलवारीच्या जागी सरळ फूटच आहे. आणि मत्तय २६:५२ मध्ये खरी तलवार उपसली जाते, तेव्हा येशू ती म्यानात घालायला सांगतो.

‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ (१ करिंथ १४:३४) हे तर दोन्ही बाजूंचे लाडके वचन. त्याच अध्यायात अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे (२८), आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्या संदेष्ट्याने गप्प राहावे (३०), असेही आहे. प्रश्न सभेतल्या गोंधळाचा आहे. शिवाय ११:५ मध्ये हे पत्र लिहिणारा पौल स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे गृहीतच धरतो. ही वचने एकत्र कशी बसवायची यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एक वाचून दुसरे झाकणे हा अभ्यास नव्हे. केडगावला राहून मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या जिल्ह्यात तरी एवढे कळायला हवे.

वाचताना मधली शीर्षके झाकून ठेवावीत. ती प्रकाशकांची असतात. अध्यायांची आजची विभागणीसुद्धा तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ सालच्या छापील आवृत्तीतले. इफिस ५:२२ च्या आधी शीर्षक आल्यामुळे लग्नात वाचन ‘पत्नींनो, अधीन असा’ इथून सुरू होते आणि ‘एकमेकांच्या अधीन असा’ हे २१ वे वचन वगळले जाते. पत्र असेल तर ते एका बैठकीत संपवावे. फिलिप्पैकरांस पत्राची १०४ वचने पाव तासात होतात. शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, लूक यांसारखे येशूचे चरित्र, असेल तर तोच प्रसंग दुसऱ्या शुभवर्तमानात उघडावा, आणि जुन्या कराराचा दाखला आला की तळटीप पाहून मूळ जागी जावे.

एवढे केल्यावर सगळे सौम्य होते असा मात्र कोणी दावा करू नये. स्तोत्र १३७ चे शेवटचे वचन, बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारे, संदर्भासकट वाचूनही अंगावर येते. संदर्भ इतकेच सांगतो की ती देवाची आज्ञा नव्हे. घरदार उद्ध्वस्त झालेल्या कैद्यांनी देवापुढे ओकलेली आग आहे. व्यासपीठावरून ते वचन टाळणाऱ्यांपेक्षा ते वाचून तिथे थांबणारे पाळक मला अधिक प्रामाणिक वाटतात.

आपल्याला विनंती एवढीच, की पत्रात बायबलचे वचन आले तर पुस्तक, अध्याय, वचनाचा आकडा आणि बोलणाऱ्याचे नाव असल्याशिवाय ते छापू नये. फार तर एक ओळ वाढेल.

— बायबल अभ्यासवर्ग घेणारा एक वाचक, वानवडी, पुणे