कार्बोरेटरचा नको, पाटीचा फोटो पाठव

मिलवॉकी,
१२ जुलै

प्रिय बाबल्या,

तुझा फोटो पोचला. वर्तमानपत्रावर मांडलेला तुझ्या होडीच्या यामाहा इंजिनाचा उघडा कार्बोरेटर, शेजारी चहाचा कप, आणि खाली एकच ओळ : 'हो धाड, थंय सगळा गावता.'

गावतं रे इथे अमेरिकेत, पण भागाचा नंबर असला तर. माझंच ऐक.

माझ्या होडीचं जुनं जॉन्सन इंजिन तू बघितलंयस, ९.९ हॉर्सपॉवरचं. मे महिन्यात पेवॉकी तलावाच्या मधोमध ते गप्प झालं. दोरी ओढली की सुरू व्हायचं, अर्ध्या मिनिटात मरायचं. चोक अर्धा ओढून धरला की मात्र कुरकुरत चालायचं. तू असतास तर तिथेच म्हणाला असतास, जेट चोंदलाय, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी ती बारीक भोकाची पितळी पुडी. मला ते वल्ही मारत काठाला आल्यावर सुचलं.

घरी कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी काढली, तर तळाशी पिवळट चिकट थर, वार्निश लावल्यासारखा. हिवाळाभर पेट्रोल आत तसंच राहिलं होतं, म्हणजे चूक माझीच. मुख्य जेट वाटीच्या बुडाशी, बाहेरच्या स्क्रूच्या मागे, आत खोल बसलेला असतो. मी हाताला लागला तो स्क्रू-ड्रायव्हर घातला. पितळच ते, खाचेचा एक काठ तुटून पडला. एवढासा चुरा तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो होतो. ड्रायव्हर खाचेत गच्च बसणारा हवा, हे तुझ्या वडिलांनी आपल्याला किती वेळा सांगितलं होतं!

मग शोध. गंमत बघ, ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये याच मिलवॉकीत आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या इंजिनांचा, धंदा सुरू केला. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन एकाच कंपनीत आली, ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये बुडाली, नंतर ज्यांनी घेतली त्यांनी २०२० मध्ये एव्हिनरूड बनवणंही थांबवलं. म्हणजे इंजिनाच्या जन्मगावी बसूनही मला जेट मिळेना. ऑनलाइन एक किट मागवलं, 'सगळ्या ९.९ ला चालेल' असं लिहिलेलं. गास्केट, म्हणजे सांध्यात बसवायचा कागद, लावून बघतो तर आतल्या एका भोकावर कागदच! आणि किटमध्ये जेट नव्हताच. किटमध्ये बहुधा गास्केट, नीडल, सीट एवढंच येतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याने अख्खा जुना कार्बोरेटर देऊ केला, 'सेम टू सेम'. हातात घेतला तर हवा आत जायचा घसा माझ्या कार्बोरेटरपेक्षा रुंद. १५ हॉर्सपॉवरचा होता तो. त्या काळातल्या ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच, २१६ सीसीचा, मुख्य फरक कार्बोरेटरचाच. काही पठ्ठे मुद्दाम तो बदलून ताकद वाढवतात. मला तसलं काही नको होतं.

शेवटी वाट सापडली ती इंजिन होडीला धरणाऱ्या क्लॅम्पवरच्या पाटीत. १९८० पासून यांनी मॉडेल नंबरात वर्ष अक्षरांनी लपवलंय. 'इंट्रोड्यूसेस' हा इंग्रजी शब्द घे, त्याला दहा अक्षरं. पहिल्याला १, दुसऱ्याला २, असं करत नवव्याला ९ आणि दहाव्याला ०. माझ्या नंबरात सी आणि ओ आहेत, म्हणजे ८ आणि ५, १९८५. पाटी पडली असेल तर ब्लॉकवर नाण्याएवढी एक चकती ठोकलेली असते, तिच्यावरही नंबर असतो. वर्ष कळल्यावर त्या वर्षाच्या आकृतीतून भागाचा नंबर काढला. जुने नंबर सहा आकडी, नव्या यादीत त्यांच्याआधी शून्य लावलंय. ते शून्य न लावल्यामुळे मी आठवडाभर 'उपलब्ध नाही' वाचत बसलो होतो. जेट आला तो शेंगदाण्याहून लहान, आणि पाकीट माझ्या बुटाएवढं.

आता तुझं. यामाहाचं सोपं आहे. तिथे भागाच्या नंबरातली पहिली तीन अक्षरं म्हणजे मॉडेलचा कोड, पुढचे पाच आकडे म्हणजे कुठला भाग ते. १४३०१ म्हणजे पूर्ण कार्बोरेटर, १४३४३ म्हणजे मेन जेट. तेव्हा ब्रॅकेटवरच्या पाटीचा फोटो पाठव. खारं पाणी आणि रंगाचे थर यांखाली ती दिसत नसेल तर रॉकेलच्या बोळ्याने पूस, पॉलिश पेपर लावू नकोस, अक्षरं जातील. जेटच्या डोक्यावर बारीक आकडा असतो, तोही भिंगाखाली बघून कळव. भोकात तार मात्र घालू नकोस. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं.

रबरी नळ्याही बघून घे. तुमच्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल आलंय, जुनं रबर त्याने मऊ पडतं. आमच्याकडे १० टक्क्यांतच माझी नळी आतून सोलली होती. होडी शाकारलेली आहे तोवर हे उरकून घे, सप्टेंबरात पर्यटक आले की तुला जेवायलाही फुरसत नसते.

ताई गणपतीला येतेय, तुझं सामान तिच्या बॅगेत टाकतो. पैशांचं नंतर बघू, काकूंच्या हातचं कोकम आगळ परतीच्या बॅगेत पडलं तर हिशेब फिटला.

आणि हो, पाटीचा फोटो काढताना अंगठा मध्ये येऊ देऊ नकोस. मागच्या वेळी अर्धा नंबर तुझ्या नखाखाली होता.

तुझा,
भाई