पारव्यांना भुलवणारी फिरती मोटर आपल्या शिवारात नको

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

सध्या आमच्या भागातल्या पोरांच्या मोबाईलवर इंग्लंडातल्या पारव्यांच्या शिकारीचे व्हिडिओ लय फिरायलेत, आणि त्यातलं पारव्यांना भुलवणारं फिरतं मशीन बघून आपल्याकडं पण तसलं करून घ्यायची बोलणी चालल्याचं कानावर आलंय. करायला अवघड काहीच नाही, गाडीच्या वायपरची जुनी मोटर, 12 व्होल्टची बॅटरी, दोन लांब सळ्या, बेळगावच्या उद्यमबागेत वेल्डिंगवाला तासाभरात जोडून देईल. म्हणूनच ते सुरू व्हायच्या आधी लिहायलोय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत एक खांब रोवतात, त्यावर मोटर, मोटरला दोन आडव्या सळ्या आणि सळ्यांच्या टोकाला पंख पसरून बसवलेले मेलेले नाहीतर प्लॅस्टिकचे पारवे. मोटर फिरली की लांबनं असं दिसतं की दोन पाखरं शेतावर घिरट्या घालून उतरायलीत. पारवा थव्यानं चरणारं पाखरू, दुसरा उतरला म्हणजे खाली दाणा आहे आणि धोका नाही असं तो समजतो आणि सरळ खाली येतो. शिकारी बाजूला जाळीच्या आडोशाला बंदूक घेऊन बसलेला असतो. पाखराचा आपल्या जातभाईवर जो भरवसा असतो त्यालाच हे मशीन धरतं, मला तर हे बघवत नाही.

आता तिकडचं तिकडं. इंग्लंडातला पारवा वेगळा, अंगानं मोठा, पंखावर पांढरा पट्टा, आणि फिरत्या सळीवर तो पांढरा पट्टाच लांबनं चमकतो. सगळ्या ब्रिटनमध्ये त्यांच्या 50 लाखांच्या आसपास जोड्या आहेत, थंडीत मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाची पानं ओरबाडून खातात, म्हणून पीक वाचवायला मारायची परवानगी आहे. पण तिथं पण मोकळं रान नाही, 2019 मध्ये पक्षीप्रेमी मंडळींनी कायद्याचा सवाल काढल्यावर इंग्लंडात ते सरसकट परवाने मागं घेतले आणि मग नव्या अटी घालून परत दिले. जिवंत पाखरू बांधून आमिष लावायला तर तिथं बंदीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बदकांच्या शिकारीला असली मोटरची फिरती पंखं सीझनच्या सुरुवातीपासनं 30 नोव्हेंबरपर्यंत चालत नाहीत. जिथं शिकारीला परवानगी आहे तिथं ही गत, तर आपल्याकडं शिकारीलाच बंदी आहे.

पोरं म्हणतात गावातला निळा पारवा कायद्यात नाही. मारायला बंदी असलेल्या पाखरांच्या पूर्वीच्या यादीत तो वगळलेला होता हे खरं. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासनं लागू आहे आणि याद्या सगळ्या नव्यानं केल्यात, त्यामुळं जुन्या ऐकीव गोष्टीवर कुणी बंदूक उचलू नये. शिवाय फिरत्या सळीवर कोण उतरणार हे मोटर ठरवत नाही. पारव्याबरोबर होले येणार, आणि होला मारणं हा गुन्हाच आहे. ह्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, आमिष लावणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं त्यातच धरलंय, म्हणजे गोळी सुटायच्या आधीच माणूस अडकला.

आणि मला जास्त काळजी खानापूरकडच्या जंगलाची वाटते. कणकुंबी, जांबोटी, भीमगडाच्या पट्ट्यात सह्याद्रीतला रानपारवा आहे, मानेवर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात त्याच्या, पश्चिम घाट सोडून जगात कुठं मिळत नाही आणि आधीच धोक्यातल्या यादीत आहे. तो रानातली फळं खाणारा, शेतात फारसा येत नाही, पण एकदा पारवा मारायचा नाद लागला की पोरं शेताच्या बांधावर थांबतील होय? होला-पारव्याची पिल्लं घरट्यात असली तर आई-बाप दोघं पण गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं पाजतात. त्यातला एक जरी गेला तर पिल्लांचे हाल.

शेतकऱ्याचं नुकसान होतंय हे मी नाकारत नाही, मी पण शेतीच करतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात निघालं की मसूर, वाटाणा, हरभरा पडतो आणि पेरणी झाल्यापासनं कोंब वर येईपर्यंत पारव्यांचा थवा बसला की ओळीच्या ओळी मोकळ्या होतात, परत बी आणायचं म्हणजे पैसे आणि ओल दोन्ही गेलं. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भात कुजवून जातं, त्यावर रब्बीत हे, माणसाला राग येणारच. पण उघड्यावर पडलेलं बी पाखरांना बोलवतं, कुरीमागनं (पेरायच्या पाभरीमागनं) बी नीट मातीआड झालं की निम्मी कटकट कमी होते. ते पहिले दिवस राखण करायची, गोफण, डबा, चमकणारी रिबीन, आणि बुजगावणं रोज जागा बदलून लावायचं, एकाच जागी ठेवलं की पाखरं त्याच्याच डोक्यावर बसतात. तसं बघितलं तर इंग्लंडातले शिकारी पण सांगतात की फिरत्या मशीनला पारवे हळूहळू ओळखतात आणि लांबनंच वळतात, म्हणजे तेवढा खर्च करून शेवटी हाती काय? दहा-वीस पाखरं मारून थवा संपत नाही, तो शेजारच्या शेतात जातो.

शिवारात बंदुकीचा धोका वेगळाच. आमच्यात तुकडे लहान, बांधापलीकडं बायका भांगलत असतात, पोरं गुरं घेऊन असतात. छर्रा किती लांब जातो ते मारणाऱ्याला कळत नाही.

माझी वनखात्याला विनंती आहे की रब्बीच्या पेरणीआधी गावोगावी, ग्रामपंचायतीत आणि सोसायटीच्या बोर्डावर कुठली पाखरं मारता येत नाहीत हे चित्रासकट लावावं, कन्नडबरोबर मराठीत पण लावावं, कारण ह्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना मराठीच वाचता येतं. शेती खात्यानं पेरणीनंतरच्या राखणीसाठी रिबीन आणि जाळी सबसिडीत द्यावी. आणि ज्यांना असली ऑर्डर येईल त्या वेल्डिंगवाल्या भावांनी कशाला पाहिजे एवढं विचारावं आणि पारव्यासाठी म्हटलं तर नको म्हणून सांगावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, येळ्ळूर