पोस्टर देखणं होतं, खरं नव्हतं!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सिनेमाच्या पोस्टरांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून, दुसऱ्यांदा राग आला म्हणून. हाताने रंगवलेली पोस्टरं 'प्रामाणिक' आणि आजची संगणकावरची 'फसवी', असा निकाल लेखकमहाशयांनी देऊन टाकला आहे. त्यांचं वय मला माहीत नाही, पण १९८३ च्या मे महिन्यात ते सीताबर्डीवर तिकिटाच्या रांगेत नव्हते, एवढं खात्रीने सांगतो. मी होतो.

देखणी होती, हे मान्य. 'दीवार'च्या पोस्टरवर दिवाकर करकऱ्यांनी सुरीने ओढलेले रंग असे, की रस्त्याच्या पलीकडूनही नायकाचा राग कळावा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. लेखात या दोघांचाही उल्लेख नाही. अमिताभचा सात वेळा आहे, मोजला.

पण प्रामाणिक? त्या मे महिन्यात आमचे जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, यवतमाळहून आले होते. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. वडिलांनी माझ्या हातात पैसे दिले आणि बजावलं, "बाल्कनीतच बसव." पोस्टरवर जावईबापूंचा लाडका नट छातीपासून वर अख्खा कागद व्यापून, हातात पिस्तूल, मागे ज्वाळा. नायक-नायिका त्याच्या कोपरापाशी, अंगठ्याएवढे. तिकिटं ब्लॅकमध्ये घ्यावी लागली. इंटरव्हलपर्यंत साहेबांचा पत्ता नाही. "येईल, त्याची एन्ट्री उशिराच असते," जावईबापू मलाच धीर देत होते. शेवटी आला, एक कव्वाली म्हटली, नायकाला मिठी मारली आणि गेला. पिस्तूल नाहीच.

बाहेर येऊन डोअरकीपरशी भांडलो. त्याने शांतपणे पोस्टरवरची 'दररोज ४ खेळ'ची पट्टी नखाने उचलली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पाहुणा कलाकार'. वर म्हणाला, "पोस्टरवर मोठा आहे म्हनून पिच्चरमध्ये बी मोठा राहीन का भाऊ?" जावईबापूंनी तो अपमान माझ्या खात्यावर लिहून ठेवला आहे. आजही कुठल्याही सिनेमाचं नाव काढलं की विचारतात, "तो आहे ना नक्की?"

दोष रंगवणाऱ्याचा नाही. त्याच्या पुढ्यात फोटो टाकायचे आणि कुणाचा चेहरा विकतो ते सांगायचं, की झालं. राज्यं बदलली तरी सिनेमाच्या धंद्यात आपण अजून 'सीपी-बेरार'च, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या प्रांताच्या नावाने चालणारा वितरकांचा इलाखा. इथे काय चालतं ते वितरक ठरवणार. नावांचाही हिशेब असायचा. प्राणसाहेबांचं नाव सगळ्यांच्या शेवटी, 'आणि प्राण' असं, आणि शेवटी असणं हाच मान. लेखात यातलं काही आलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आणि फसव्या पोस्टरांचीच चीड असेल तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर का नाही लिहीत? रचना तीच: मध्ये परातीएवढं डोकं, खाली तिकिटाएवढ्या डोक्यांची रांग. आमच्या वळणावरच्या फ्लेक्समागे सिग्नल गेला आहे. पण तोच चेहरा त्या दिवशी तुमच्या पहिल्या पानावरही होता, तेव्हा आपली अडचण समजू शकतो. बातम्या हल्ली तिसऱ्या पानावर सुरू होतात, ते मात्र समजत नाही.

पाणीपुरवठ्यावरचं माझं मागचं पत्र आपण निम्मं कापलंत. या वेळी जागा कमी पडली तर करकऱ्यांना हात लावू नका. कापायचंच असेल तर जावईबापूंचा मजकूर कापा. ते तुमचाच पेपर घेतात.

आपला,
एक जुना वाचक, धंतोली, नागपूर